आधी खेळ, मग नियम

गेल्या महिन्यात माझी भाची एका दुकानात डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला पहिल्यांदा गेली आणि तासाभरात परत आली. "आधी हँडबुक वाचून ये," असं तिथल्या डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, तिला सांगितलं. हे हँडबुक म्हणजे खेळाच्या पन्नाशीला, 2024 साली निघालेलं 384 पानांचं पुस्तक. पोर चौदा वर्षांची आहे. मला ते फार लागलं.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हातून बाहेर पडला, तेव्हा खोक्यात जेमतेम तीन पुस्तिका होत्या. पण त्या युद्धखेळ खेळणाऱ्यांनी आपल्यासारख्यांसाठी लिहिलेल्या. नवख्याला त्या उमगणं कठीणच होतं, त्याला कुणीतरी शेजारी बसवून शिकवायचं. पुढे 1977 साली एरिक होम्स या न्यूरॉलॉजीच्या प्राध्यापकाने नवशिक्यांसाठी पहिलं वेगळं पुस्तक केलं, 1981 साली टॉम मोल्डवेने दुसरं.

आणि मग 1983 साली फ्रँक मेंट्झरचं लाल खोकं आलं. त्याच वर्षी आम्ही मिलवॉकीला आलो. मी अकरा वर्षांचा, इंग्रजी अडखळत बोलणारा. खोक्यातल्या फाशांवरचे आकडे नुसते कोरलेले होते. सोबत मेणाचा खडू असायचा, तो आकड्यांत घासून भरायचा आणि वरचं मेण बोटाने पुसायचं. पुस्तिका उघडली की नियमांच्या आधी गोष्टच सुरू व्हायची, आणि त्या गोष्टीतला योद्धा म्हणजे आपण. गुहेत शिरायचं, गॉब्लिनशी लढायचं. साप चावला की विषातून वाचण्यासाठी फासा कसा टाकायचा ते तिथल्या तिथे कळायचं. मग अलीना भेटायची, जखमा बऱ्या करायची, आपल्याबरोबर चालायची. आणि बार्गल नावाचा जादूगार तिला मारून टाकायचा. मी रडलो होतो. तोवर निम्मे नियम मला येत होते.

उरलेले शेजारच्या थोरल्या मुलाने शिकवले. तो आमचा डंजन मास्टर. "आता तू काय करशील?" एवढंच विचारायचा. मी अर्धं मराठीत, अर्धं हातवारे करून सांगायचो. तो क्षणभर विचार करायचा आणि योग्य तो फासा माझ्यापुढे सरकवायचा. नियम त्याच्या डोक्यात असायचे, आमच्या वाट्याला फक्त गुहा यायची.

नंतरच्या आवृत्त्यांबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही. कॉलेजच्या क्लबात एका मास्टरने माझा नियम चुकला म्हणून सगळ्यांसमोर खेळ थांबवला, ते मात्र अजून विसरलेलो नाही. 2014 सालच्या स्टार्टर सेटने पुन्हा आशा वाटली: 32 पानांचे नियम, तयार पात्रं आणि 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' ही उत्तम मोहीम. नव्या जाड हँडबुकातही पात्र घडवण्याच्या आधी खेळ कसा चालतो तेच सांगितलंय. त्यामुळे माझा राग पुस्तकावर नाही. पुस्तक दारात आडवं धरणाऱ्या माणसावर आहे.

परवा रविवारी मी माळ्यावरचं लाल खोकं काढलं आणि भाचीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. कोपरे फाटलेत, फाशांवरचं मेण कधीच उडालंय. तिच्या पेटीतला पांढरा खडू घेऊन आम्ही आकडे पुन्हा भरले. साप झाला, अलीना भेटली, अलीना गेली. पोर बराच वेळ गप्प होती.

"मामा, हा बार्गल पुढे सापडतो ना?"

मी पुस्तिका मिटली आणि तिला विचारलं, "आता तू काय करशील?"