मलेशियात घर मांडताना

गेल्या जुमेरातीला आमच्या नणंदेचा मुलगा मिठाई घेऊन आला. क्वालालंपूरला नोकरी लागली आहे, बायको आणि दोन मुलेही बरोबर जाणार आहेत. म्हणाला, "मुमानी, हवा तर आपल्या कोकणासारखीच ना? मग फार काही विचारायचं नाही."

आम्हीही असेच समजून गेलो होतो. मिस्टरांच्या नोकरीमुळे तीन वर्षे तिथे राहिलो तेव्हा कळले, की कोकणात पावसाळा चार महिने असतो, तिथे तो बाराही महिने अधूनमधून असतोच. दुपारी तीन-चारला आभाळ भरून येते आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा ओले. कपाटातल्या चामडी चपलांना पंधरा दिवसांत बुरशी धरते. मसाला फ्रिजमध्ये ठेवावा. मिक्सर नेलात तर प्लग बदलून घ्यावा लागेल. तिथल्या सॉकेटला तीन चपट्या पिना लागतात.

खाण्यापिण्याची अडचण नाही. पाकिटावर 'जाकिम' या सरकारी खात्याचा हलाल शिक्का पाहून घ्यावा. सुरमई तिथे तेंगिरी, बांगडा केंबुंग, आणि भेंडी चक्क बेंडी! पहिल्या दिवशी भाजीवालीशी खाणाखुणांनी बोलत होतो, तिने हे नाव घेतले आणि आम्ही दोघीही हसलो.

आम्हा कोकणी शाफई लोकांना मशिदीत परकेपणा वाटत नाही. तिथेही मजहब तोच, फजरला कुनूतही तसाच. बायकांसाठी बहुतेक मशिदींत वेगळी जागा असते. विषुववृत्त जवळ असल्याने मगरिब वर्षभर सात ते साडेसातच्या दरम्यान. रोजा कोणत्याही ऋतूत साधारण साडेतेरा तासांचा. सूर्य मात्र सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे मुलांना अंधारातच शाळेसाठी उठवावे लागते.

डिपेंडंट पासवर गेलेल्या बायकोला परस्पर नोकरी धरता येत नाही. आमची बीएडची पदवी तीन वर्षे कपाटात राहिली. सुनेला हे आधीच सांगा, असे आम्ही नणंदेला बजावले आहे.

पण खरी भीती डासांची. दुसऱ्या वर्षी धाकटीला १०२ ताप आला. जवळच्या दवाखान्यात व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या, रक्त तपासले नाही. आम्हीही आग्रह धरला नाही, ही आमची चूक. चौथ्या दिवशी ताप उतरला. शुक्र केला, खिचडी भरवली, ती खेळेल म्हणून खेळणी काढली. संध्याकाळी पोट दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका वाढतो. शिरांतले पाणी बाहेर झिरपू लागते. चार दिवस सलाइनवर होती. त्या चार रात्री आम्ही मुसल्ल्यावरच काढल्या. अल्हमदुलिल्लाह, पोर घरी आली.

तापावर आम्ही सुदैवाने पॅरासिटामॉलच दिले होते. आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन दिले असते तर रक्तस्राव होण्याचा धोका होता. डास कुठे होत होते म्हणाल, तर मनीप्लांटच्या बाटलीत आणि फ्रिजच्या मागच्या तबकडीत! हा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून आम्ही निर्धास्त होतो.

आणखी एक. खासगी रुग्णालय दाखल करण्याआधी अनामत रक्कम मागते. कंपनीचा विमा बायकामुलांनाही लागू आहे का, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारावे. आमचा फक्त मिस्टरांपुरता होता. धाकटीच्या वेळी बांगड्या मोडल्या.

परवा नणंदेकडे गेलो. बॅग भरणे चालू होते: तीन किलो मसाला, लोणच्याच्या दोन बरण्या, वर सुनेची जरीची ओढणी. आम्ही एक बरणी काढून तिथे थर्मामीटर ठेवला. नणंद रुसली, पण तिने बरणी परत घातली नाही.