एका विंचवाची तीन नावं

विंचूदंशाने माणूस दगावतो तो बहुधा हृदयावर ताण येऊन, हे कोकणातल्या लाल विंचवाबाबत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी वर्षानुवर्षं रुग्णांच्या उशाशी बसून टिपलं. १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने महाडमधली चाचणी प्रसिद्ध केली. नुसतं प्राझोसिन हे औषध द्यावं की जोडीला प्रतिविषही, हा तिचा प्रश्न होता. दोन्ही दिलेले रुग्ण लवकर सावरले.

आता एमडीच्या एखाद्या विद्यार्थिनीला हेच सगळं शोधायचं आहे असं धरू. पबमेड या संकेतस्थळावर वैद्यकीय निबंधांच्या साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि ते फुकट आहे. ती अख्खा प्रश्न तिथे टाइप करते, पहिली वीस शीर्षकं वाचते आणि थांबते. इथेच घात होतो.

आधी कागद घ्यावा. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, फलित काय, असे प्रश्नाचे चार तुकडे करावेत. मग एकेका तुकड्याची सगळी नावं लिहावीत. हे काम कंटाळवाणं आहे, पण खरा शोध इथेच लागतो. आपला लाल विंचूच पाहा. जुन्या निबंधांत तो 'ब्युथस टॅम्युलस', नंतर 'मेसोब्युथस', अलीकडे 'होटेंटोटा'. विष चढण्याला कुणी 'एन्व्हेनोमिंग' म्हणतं, कुणी 'एन्व्हेनोमेशन'. एकच नाव टाकलं, तर बाकीच्या नावांखालचे निबंध हातून निसटू शकतात.

एका तुकड्यातली नावं 'ऑर'ने जोडायची, कंस करायचा आणि असे कंस एकमेकांना 'अँड'ने बांधायचे. 'ऑर'ने जाळं रुंदावतं, 'अँड'ने आवळतं. चारही तुकडे एकदम बांधू नयेत. रुग्ण आणि उपाय बहुतेकदा पुरतात. 'नॉट' मात्र शक्यतो टाळावा. मोठी माणसं वगळायला गेलात, तर मुलं आणि मोठी दोन्ही असलेले निबंधही जातात.

पबमेड चालवणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० पासून 'मेश' ही विषयशीर्षकांची यादी चालवली आहे. लेखकाने शब्द कोणताही वापरो, निबंध योग्य शीर्षकाखाली लावला जातो. पण अगदी ताज्या निबंधांना शीर्षक मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून शीर्षक आणि साधे शब्द दोन्ही वापरावेत.

अपुऱ्या शोधाची किंमत कधी जिवाने मोजावी लागते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याच्या अभ्यासासाठी हेक्सामेथोनियम हुंगलेली २४ वर्षांची निरोगी स्वयंसेविका दगावली. संशोधकाने पबमेड पाहिलं होतं. पण तेव्हा तिथला शोध १९६६ च्या मागे जात नव्हता. या औषधाने फुप्फुसांना इजा होते, हे १९५० च्या दशकातल्या निबंधांत छापलेलं होतं.

म्हणून प्रबंध हाती घेतलेल्या प्रत्येकाला कळकळीची विनंती: एक दुपार कॉलेजच्या ग्रंथपालांसोबत बसा. पबमेडवर थांबू नका, कोक्रेनचे आढावे आणि शोधगंगेवरचे भारतीय प्रबंधही चाळा. आणि शोधाची ओळ जशीच्या तशी, तारखेसह, वहीत उतरवून ठेवा.