रॅपची बदनामी: आरोप आणि वस्तुस्थिती

संज्ञा

हिप-हॉप ही एक नागरी संस्कृती असून डीजेचे वादन, रॅप, ब्रेकडान्स आणि भिंतींवरील ग्राफिटी ही तिची चार अंगे मानली जातात. रॅप म्हणजे ठेक्याच्या चौकटीत यमके साधत म्हटलेले काव्य. त्यात सुरापेक्षा शब्दांचा वेग, आघात आणि आतल्या आत जुळत जाणारी यमके महत्त्वाची असतात. बदनामीचा मोठा वाटा या एकाच अंगाकडे आला. ब्रेकडान्स तर 2024 मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचला.

उगम

11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क याने आपल्या बहिणीने ठेवलेल्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. मूळचा जमैकाचा असलेल्या या मुलाने हेरले होते, की नाचणारे गाण्यातल्या फक्त ढोलांच्या तुकड्याची वाट पाहतात. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा आलटून पालटून लांबवण्याची युक्ती त्याने रूढ केली. त्या ठेक्यावर माइकवरून दिलेल्या आरोळ्यांतून पुढे रॅप आकाराला आला. महामार्गासाठी वस्त्या फोडल्या गेलेला, घरांना सतत आगी लागणारा हा भाग होता. तरीही सुरुवातीची गाणी बहुतांशी मौजेची होती. दारिद्र्याचे थेट चित्रण रुजवले ते 1982 मधील ‘द मेसेज’ या गाण्याने.

गाण्यातला ‘मी’

रॅपविषयीचे बरेच गैरसमज गाण्यातल्या ‘मी’पासून निघतात. रॅपमधला निवेदक बहुधा प्रथमपुरुषी असतो. तो बढाया मारतो, प्रतिस्पर्ध्याचा उद्धार करतो, धमक्या देतो. हा ‘मी’ म्हणजे गाणारी व्यक्तीच असे नाही. आफ्रिकी-अमेरिकी समाजात एकमेकांची, अगदी एकमेकांच्या आयांचीही, चढाओढीने टिंगल करण्याचा शब्दखेळ आणि गुंडनायकांची अतिशयोक्त कवने रॅपच्या आधीपासून होती. ‘बॅटल’ हा रॅपचा प्रकार त्याच वळणाचा आहे. आपल्याकडेही कलगी-तुऱ्याच्या झगड्यात शाहीर समोरच्या फडाला खिजवतो, तेव्हा ते भांडण फडापुरते असल्याचे श्रोत्यांना ठाऊक असते. रॅपच्या परक्या श्रोत्याला हा संकेत माहीत नसतो. अर्थात काही कलाकारांनी स्वतःच ही सीमारेषा पुसली. भूमिका अस्सल वाटली तरच ती खपते, हे ध्यानात आल्यावर गायक आणि पात्र एकच असल्याचा दावा हा व्यवसायाचा भाग झाला.

बदनामीचा क्रम

1985 मध्ये वॉशिंग्टनमधील काही प्रतिष्ठित पालकांच्या गटाने पंधरा आक्षेपार्ह गाण्यांची यादी काढली. तीत प्रिन्स, मॅडोना आणि अनेक हेवी मेटल वाद्यवृंद होते. रॅप एकही नव्हता. चित्र पालटले ते 1988 मध्ये कॉम्प्टनच्या एन.डब्ल्यू.ए. या गटाच्या पोलिसविरोधी गाण्याने. पुढच्याच वर्षी एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने ध्वनिमुद्रण कंपनीला नाराजीचे पत्र पाठवले. 1990 मध्ये फ्लोरिडातील न्यायाधीशाने टू लाइव्ह क्रू या गटाचा अल्बम अश्लील ठरवला आणि तो विकणाऱ्या दुकानदाराला अटक झाली. हा निर्णय 1992 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने फिरवला. 1996 मध्ये टुपाक शकूर आणि 1997 मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरांच्या हत्या झाल्या आणि रॅप म्हणजे टोळीयुद्ध हे समीकरण पक्के झाले.

एक प्रयोग

1990 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ कॅरी फ्राइड यांनी किंग्स्टन ट्रायो या लोकसंगीत गटाच्या 1960 मधील गाण्याचे शब्द लोकांना वाचायला दिले. पोलिसावर गोळी झाडणाऱ्या माणसाचे ते गाणे. काहींना ते रॅप असल्याचे सांगितले, काहींना कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण शैलीचे. शब्द तेच असूनही ‘रॅप’ वाचणाऱ्यांना ते अधिक आक्षेपार्ह आणि अधिक धोकादायक वाटले. 2016 मध्ये अन्य संशोधकांनी केलेल्या तशाच चाचण्यांतूनही हाच कल दिसला. म्हणजे आक्षेपाचा एक हिस्सा शब्दांना नसून लेबलाला, आणि त्या लेबलामागे कल्पिलेल्या माणसाला आहे.

न्यायालयात

हा पूर्वग्रह केवळ अभिरुचीचा राहत नाही. न्यू जर्सीतील एका खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यात आरोपी स्किनर याने लिहिलेल्या रॅपची तेरा पाने ज्यूरीसमोर वाचण्यात आली. त्या ओळींचा प्रत्यक्ष घटनेशी ठोस संबंध दाखवला गेला नव्हता. 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा पुरावा अग्राह्य ठरवला. लेखक एडगर ॲलन पोच्या कथेत प्रेत फरशीखाली पुरले जाते म्हणून पोला कोणी खुनी समजत नाही, असा दाखला निकालात होता. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये कायदा करून असा पुरावा देण्यावर मर्यादा घातल्या.

गुन्हेगारीशी संबंध

अमेरिकेत 1991 मध्ये दर लाख लोकसंख्येमागे सुमारे 9.8 खून होत होते. 2000 मध्ये हे प्रमाण 5.5 वर आले. रॅपचा खप याच काळात झपाट्याने वाढला. यावरून रॅपने गुन्हे घटवले असे म्हणणे हास्यास्पद होईल. पण रॅपमुळे समाज हिंसक होतो, या ढोबळ विधानालाही हे आकडे आधार देत नाहीत.

मुंबईचा अनुभव

2015 मधील डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांच्या ‘मेरे गली में’ या गाण्याने आणि 2019 च्या ‘गली बॉय’ या चित्रपटाने मुंबईच्या वस्त्यांतला रॅप देशभर पोहोचवला. येथे वाद शिवराळपणापेक्षा राजकारणावरून अधिक पेटला. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगसे या रॅपरवर राज्यातील सत्तांतरावर टीका करणाऱ्या मराठी रॅपबद्दल अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. तक्रारीचे मूळ उपहासात होते. त्यासाठी रॅपच हवा होता असे नाही, पोवाडाही चालला असता.

टिकणारा आरोप

स्त्रियांविषयीची भाषा आणि दृश्ये हा आरोप मात्र झटकता येत नाही. पात्राच्या तोंडचे शब्द म्हणून एखादी ओळ सुटेल. शेकडो गाण्यांत स्त्री केवळ उपभोग्य वस्तू म्हणून येते, तेव्हा ती सबब पुरत नाही. यावरची टीका संस्कृतीच्या आतूनही झाली. रॅपर क्वीन लतीफाने 1993 मध्ये स्त्रियांसाठी वापरल्या जाणाऱ्या अपशब्दांनाच सुनावणारे गाणे केले आणि त्याला ग्रॅमी मिळाले. 2004 मध्ये अटलांटातील स्पेलमन या कृष्णवर्णीय मुलींच्या महाविद्यालयात रॅपर नेली अस्थिमज्जा-दात्यांच्या नोंदणीसाठी येणार होता. त्याच्या एका व्हिडिओतील स्त्रियांच्या चित्रणावर आधी चर्चा व्हावी, अशी मागणी विद्यार्थिनींनी केली आणि कार्यक्रम रद्द झाला. रॅप बंद करा असे त्यांचे म्हणणे नव्हते. अनेकजणी तो आवडीने ऐकत होत्या. जाब मागितला होता तो एका गाण्याचा, एका व्हिडिओचा, आणि तोही ते करणाऱ्या माणसाकडे.