औषध बदलले, गट तोच

मोशीच्या प्रदर्शन केंद्रात डिसेंबरात किसान प्रदर्शन भरते, तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक द्राक्षबागांची फळछाटणी होऊन गेलेली असते. अशा वेळी औषधांच्या दालनात एक प्रश्न हमखास कानी पडतो : 'केवड्यावर नवीन काय आलंय?' जुन्या औषधाचा जोर ओसरला, असा समज त्यामागे असतो. औषधाचा जोर मात्र ओसरलेला नसतो. बदललेली असते ती बागेतली रोगाची प्रजा.

केवडा म्हणजे डाउनी मिल्ड्यू. त्याच्या असंख्य बीजाणूंत जनुकातल्या एखाद्या बदलामुळे औषधाला दाद न देणारे मोजके आधीपासूनच असू शकतात. फवारणीने बाकीचे मरतात, हे उरतात आणि मोकळ्या झालेल्या पानावर त्यांचाच वंश वाढतो. रोगाला औषधाची 'सवय' होते असे आपण म्हणतो. खरे तर आपणच दर फवारणीला त्यातून निवड करत असतो.

१८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्देने बोर्डो मिश्रणाची उपयुक्तता मांडली. त्यातले तांबे बीजाणूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते, म्हणून शतक उलटूनही केवड्यावर ते चालते. आधुनिक आंतरप्रवाही औषधे बहुधा एकाच ठिकाणी नेम धरतात. मेटालॅक्झिल १९७०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले आणि १९८० मध्येच आयर्लंड व नेदरलँड्समधल्या बटाट्याच्या करप्यावर ते निष्प्रभ ठरू लागले. १९९६ साली बाजारात आलेल्या अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबीनची कथा तशीच. रोगकारकाच्या श्वसनातल्या एका प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलानिन आले, की औषध निकामी होते. आणि तेवढ्याने त्या गटातली इतर औषधेही निकामी होतात. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या केवड्यातही अशी प्रतिकारक्षमता नोंदवली आहे.

म्हणून बाटलीवरच्या मोठ्या नावापेक्षा त्याखालचे घटकाचे बारीक नाव महत्त्वाचे. डायमेथोमॉर्फनंतर मँडीप्रोपामिड मारले, तर कंपनी बदलते, किंमत बदलते, गट मात्र तोच राहतो. फवारण्यांची पाळी लावायची ती गटांची. एका गटाच्या हंगामातल्या फवारण्या मोजक्या ठेवाव्यात, सोबत मॅन्कोझेबसारखे अनेक ठिकाणी मारा करणारे औषध द्यावे, मात्रा शिफारशीप्रमाणे पुरी घ्यावी. फवारणी रोग पसरण्याआधी व्हावी. पसरल्यावर बीजाणू अफाट असतात आणि त्यांत प्रतिकारक सापडण्याची शक्यताही तितकीच वाढते. रोगट पाने वेचून नष्ट करणे, वेलीत हवा खेळती ठेवणे यांनी फवारण्याच कमी लागतात.

हे सांगायला सोपे आहे. काढणी जवळ आली की तांब्याचे डाग मण्यांवर नकोत, मॅन्कोझेबचा अंश नको. मग हात पुन्हा त्याच एक-नेमी औषधांकडे वळतो. उधारीवर दुकानदार देईल ते घ्यावे लागते, हीही अडचण खरीच.

शिवाय बीजाणूंना बांध अडवत नाही. एकाने गटांची पाळी कसोशीने सांभाळली आणि शेजाऱ्याने तेच औषध आठ वेळा मारले, तर तिथे तगलेले बीजाणू वाऱ्या-पावसाबरोबर दोघांच्याही पानांवर उतरतात. औषधाची परिणामकारकता ही गावच्या विहिरीसारखी सामाईक ठेव आहे. पाण्याच्या पाळ्या आपण गावात बसून ठरवतो. औषधांच्या गटांच्याही तशाच ठरवायला हव्यात.