दुकान-कारखान्यातील कॅमेरे : घेताना आणि बिघडल्यावर

चोरी झाल्यावर रेकॉर्डिंग पाहायला बसावे आणि नेमका त्या रात्रीचा पडदा काळा निघावा, असे अनेकांचे होते. दोष पुष्कळदा कॅमेऱ्याचा नसून तारेचा असतो. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात व तो जास्त वीज ओढतो. लांबवर नेलेल्या बारीक तारेतून पुरे १२ व्होल्ट पोहोचत नाहीत आणि कॅमेरा बंद पडतो. म्हणून दिवे लागलेले असताना कॅमेऱ्याच्या टोकाशी मीटर लावून पाहावे. जाड तार किंवा जवळच वेगळा अ‍ॅडॉप्टर, हाच इलाज. काही मेकॅनिक थेट कॅमेराच बदलायला सांगतात; आधी मीटर, मग खिसा! रात्रीचे चित्र पांढरे धुरकट दिसल्यास काचेवरची धूळ, कोळ्याचे जाळे पाहा.

जुनी कोअ‍ॅक्सिअल केबल शाबूत असेल तर लहान दुकानाला अ‍ॅनालॉग एचडीच परवडतो. मोठ्या कारखान्यात आयपी बरा. पीओई असल्यास एकाच केबलमधून चित्र व वीज जाते. मात्र १०० मीटरपुढे मध्ये स्विच हवा. कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

हार्डडिस्कचा हिशेब विक्रेते क्वचितच सांगतात. २ एमबीपीएसवर अखंड चालणारा कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी खातो. चार कॅमेरे १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरतात, मग जुने पुसले जाते. रमजानच्या गर्दीतला घोटाळा ईदनंतरच्या मोजदादीत कळला, तर पुरावा उरलेला नसतो. महिनाभराचे हवे असेल तर ४ टीबीची डिस्क घ्यावी.