एक नाव, दोन दावेदार

संगणकाचे जग आपल्याला वाटते तितके परके नाही. तेथेही माणसेच राबतात, आणि माणसे आली की हक्काचे तंटे आलेच. त्यांपैकी नावाच्या तंट्याचा येथे विचार करावयाचा आहे.

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते असे सॉफ्टवेअर. त्याची तयार गाठोडी, म्हणजेच पॅकेजे, जमवून लोकांना पुरविण्याचे काम १९९३ साली सुरू झालेला 'डेबियन' हा स्वयंसेवकांचा प्रकल्प करतो. एका आळीत दोन सदाशिव असले तर आपण आडनावाने हाक मारतो. यंत्राला ही समज नाही. ते ठरलेल्या क्रमाने कप्पे धुंडाळते व त्या नावाचा जो पहिला कार्यक्रम सापडेल तोच चालविते. म्हणून एका नावाचे दोन कार्यक्रम एकत्र नांदणे कठीण.

'नोड' या नावाचे असेच झाले. हौशी रेडिओवाल्यांचा एक कार्यक्रम डेबियनमध्ये या नावाने पूर्वीपासून होता. पुढे २००९ साली 'नोड.जेएस' जन्मले, आणि त्याचीही आज्ञा 'नोड' हीच. एका बाजूला आधीचा हक्क, दुसऱ्या बाजूला प्रचंड संख्या! आता न्याय कोणता?

डेबियनचा नियम असा, की दोन्ही पक्षांनी उघड चर्चा करून कोणी नाव सोडावे ते ठरवावे, आणि एकमत न झाल्यास दोघांनीही नाव बदलावे. हा नियम आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. अडून बसणाऱ्यालाही नाव मिळणार नाही हे ठाऊक असले म्हणजे वाटाघाटीला धार येते. हा तंटा अखेर प्रकल्पाच्या तांत्रिक समितीपुढे गेला. २०१२ साली तिने दोघांनाही नवी नावे घ्यावयास लावली, आणि जुन्या नावावाचून ज्यांचे अडत होते त्यांच्यासाठी सोयीचे छोटे पॅकेज वेगळे ठेवले. पुढे रेडिओचे पॅकेज डेबियनमधून गेले, तेव्हा २०१७ साली समितीने 'नोड' हे नाव नोड.जेएसला मोकळे केले.

याच्या उलट उदाहरण 'एनपीएम' या भांडाराचे. मार्च २०१६ मध्ये 'किक' नावाच्या कंपनीच्या मागणीवरून भांडाराच्या चालकांनी एका कार्यकर्त्याच्या पॅकेजचे ते नाव काढून कंपनीला दिले. चिडून त्याने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजे मागे घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या अकरा ओळींचे होते. पण त्यावर असंख्य कामे उभी होती, ती जगभर अडली. ज्यांचा भांडणाशी संबंध नव्हता, तेच भरडले गेले.

कामगार चळवळीला हा प्रश्न नवा नाही. नोंदलेल्या संघटनेशी फसवे साम्य असलेले नाव नव्या संघटनेला मिळू नये, अशी तरतूद १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातही होती. नाव ही श्रमाने मिळविलेली पत असते. ती सोडावी लागली तर निर्णय उघड व्हावा, कारणे सांगावीत, आणि त्या नावावर विसंबलेल्यांना सावरायला अवधी मिळावा. एवढे सांभाळले तर हरलेला पक्षही कामावर टिकतो. आणि स्वेच्छेने चालणाऱ्या कामात माणूस टिकणे हीच खरी कमाई होय.