देवाचे राज्य (लेखांक सहावा) : शेवटच्या मजुराची मजुरी

मोहरीचा दाणा आणि खमीर हे दोन दाखले आपण मागच्या आठवड्यात पाहिले. देवाचे राज्य गाजावाजा न करता वाढते, एवढे त्यातून कळले. पण त्या राज्यातला कारभार कसा चालतो, तिथे कुणाला काय मिळते, हे त्या दाखल्यांत येत नाही. ते सांगणारा दाखला मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे: द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा. येशूच्या साऱ्या दाखल्यांत पचायला सर्वांत जड दाखला माझ्या मते हाच. म्हणून आजचा लेखांक त्या एकट्यासाठी.

आधी एक समजूत बाजूला ठेवू. देवाचे राज्य म्हटले की ख्रिस्ती घरांतही मेल्यानंतरचा स्वर्ग डोळ्यांसमोर येतो. पण येशूने शिष्यांना शिकवलेली आणि मंडळी आजही तोंडपाठ म्हणते ती प्रार्थना नीट पाहा. आम्हाला तुझ्या राज्यात ने, अशी मागणी तिच्यात नाही. राज्य इकडे यावे, देवाची इच्छा स्वर्गात चालते तशी पृथ्वीवर चालावी, अशी मागणी आहे. आणि पाठोपाठ आजच्या भाकरीची. देवाची इच्छा जिथे चालते तिथे त्याचे राज्य. मरणानंतरच्या जीवनाची आशा ख्रिस्ती श्रद्धेत आहेच, तिला कुणी धक्का लावत नाही. पण राज्याची गोष्ट इथल्या मातीवर सुरू होते. भाकरीचा मुद्दा मात्र ध्यानात असू द्या, पुढे तो लागणार आहे.

गालीलातल्या ज्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, मजुरांनी हे शब्द पहिल्यांदा ऐकले, त्यांना राज्य म्हणजे काय हे शिकवावे लागत नव्हते. ते त्याचा जाच रोज भोगत होते. थोरला हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्ये वारला तेव्हा गालीलात बंड उठले. रोमन सरदार वारुसाच्या फौजेने सेफोरिस शहर जाळले आणि तिथल्या लोकांना गुलाम करून नेले. नासरेथपासून हे शहर सुमारे सहा किलोमीटरवर, म्हणजे चालत दीड तासाच्या आत. येशूच्या लहानपणी नासरेथच्या घराघरांत त्या आगीच्या आठवणी असणारच. पुढे इ.स. ६ मध्ये रोमने यहुदियात करासाठी खानेसुमारी सुरू केली. तेव्हा गालीलकर यहूदा उभा राहिला. देवाखेरीज आमचा कुणी धनी नाही, मग रोमला कर कशाला, असे त्याचे म्हणणे होते. जोसेफस या इतिहासकाराने हे नोंदवून ठेवले आहे. देव हाच राजा, हे वाक्य त्या काळी नुसते भक्तीचे राहिले नव्हते. ते बोलणाऱ्याच्या जिवावर बेतू शकत होते.

येशूच्या काळी गालीलचा सत्ताधीश होता त्या थोरल्या हेरोदाचा मुलगा, हेरोद अंतिपा. 'राजा' हा किताब त्याला कधीच मिळाला नाही. तो मागायला अंतिपा पुढे रोमला गेला आणि इ.स. ३९ मध्ये किताबाऐवजी हद्दपारी पदरात घेऊन बसला. ज्याने आपल्यासाठी हा किताब मागितला नाही, त्या येशूच्या डोक्यावरच्या पाटीवर मात्र 'यहुद्यांचा राजा' असे लिहिले गेले; योहान सांगतो की तीन भाषांत. तो गुन्ह्याचा पुकारा होता. राज्याची भाषा रोमला नीट कळली होती.

अशा प्रदेशात येशू राज्याविषयी बोलतो, आणि गोष्ट सांगतो ती एका मळेवाल्याची. द्राक्षांची तोड आली आहे. मालक पहाटेच बाजारात जातो, मजूर ठरवतो, दिवसाला एक दीनार अशी बोली होते. ही त्या काळची रास्त रोजंदारी. पुन्हा नवाच्या सुमारास जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो. या नंतरच्यांशी रकमेची बोली नाही. योग्य ते देईन, एवढाच शब्द. आणि मग पाच वाजता, सूर्य कलल्यावर, तो पुन्हा बाजारात येतो. काही माणसे अजून उभी आहेत. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे विचारल्यावर ती सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलेच नाही.

आपल्याकडे शहरोशहरी मजूर अड्ड्यावर सकाळी हेच चित्र असते. मुकादम येतो, दंड पाहून माणसे उचलतो, आणि दहा वाजेपर्यंत मागे उरतात ती पिकल्या केसांची, खोकणारी, एखादा हात अधू असलेली माणसे. दाखल्यातल्या पाच वाजताच्या माणसांचे वय, प्रकृती मत्तय सांगत नाही. पण सकाळपासून चार वेळा माणसे उचलली गेल्यावर बाजारात कोण उरते, हे ऐकणाऱ्या मजुरांना सांगायची गरज नव्हती. शिवाय ती घरी गेलेली नाहीत. संध्याकाळपर्यंत उभी आहेत, कारण रिकाम्या हाताने घरी जायचे तोंड नाही.

इथे एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या मालकाकडे कारभारी आहे. मजुरी वाटायच्या वेळी तोच पुढे येतो. मग माणसे आणायला कारभारी का जात नाही? पाचही वेळा मालक स्वतः जातो. दिवस संपायला तास उरला असताना हिशेबी माणूस नवे मजूर लावत नाही. एका तासात ती किती घड तोडणार? तो बाजारात पुन्हा गेला तो द्राक्षांसाठी नसावा, त्या माणसांसाठीच असावा, असे मला वाटते. देव कसा राजा आहे याचे उत्तर दाखल्यात मजुरी वाटण्याआधीच येऊन गेले आहे: न निवडलेल्यांना शोधत तो स्वतः पाचव्यांदा बाजारात येतो.

मजुरी त्याच संध्याकाळी वाटली जाते. मोशेच्या नियमशास्त्राचा तसा हुकूमच आहे: गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याच्या आत त्याच्या हातात पडली पाहिजे, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. त्यांना प्रत्येकी एक दीनार मिळतो. पहाटेपासून राबलेल्यांच्या मनात हिशेब सुरू होतो. तासाला दीनार, तर आपल्याला बारा! त्यांची पाळी येते आणि त्यांच्याही हातावर एकच दीनार पडतो.

पहिल्यांना आधी दिले असते, तर ते आपला दीनार कनवटीला लावून समाधानाने घरी गेले असते आणि गोष्टीत तंटा झालाच नसता. मालकाने तो त्यांच्यासमोर उभा केला. त्यांची तक्रारही ऐकण्यासारखी आहे. आम्हाला कमी दिले, असे ते म्हणत नाहीत. म्हणूच शकत नाहीत. दिवसभर उन्हात राबलेल्या आम्हाला तुम्ही या तासाभराच्या माणसांच्या बरोबरीला आणून बसवले, असे ते म्हणतात. बरोबरी सहन होत नाही. आपला दीनार पुरेसा असूनही शेजाऱ्याच्या हातातला दीनार सलतो.

आता त्या भाकरीच्या मागणीकडे येऊ. दीनार ही एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका घराची त्या दिवसाची चूल. तासाभराच्या कामाचा दीनाराचा बारावा हिस्सा घेऊन तो माणूस घरी गेला असता, तर त्याच्या पोरांची भूक बाराव्या हिश्शाची झाली नसती. मालकाने कामाचे तास मोजले नाहीत, घरातली गरज पाहिली. पहिल्यांवर त्याने अन्याय केला का? ठरले ते पुरेपूर दिले, एक पैसाही कापला नाही. न्याय पाळूनच त्याने न्यायाच्या पुढे पाऊल टाकले. ख्रिस्ती शिकवणीत याला कृपा म्हणतात, आणि देवाच्या राज्यात चलन हेच आहे.

या दाखल्याचा गैरवापरही पुष्कळ झाला. माझ्या मालमत्तेचे मी वाटेल ते करीन, असे दाखल्यातला मालक म्हणतो, तेवढे उचलून मजुरांना गप्प बसवणारे लोक आहेत. त्यांना एवढेच विचारावे की तो मालक आपला हक्क कशासाठी वापरतो आहे? ठरल्यापेक्षा जास्त देण्यासाठी. कमी देणाऱ्याला या दाखल्यात कुठेही आधार नाही. पहिले मजूर म्हणजे यहुदी आणि शेवटचे म्हणजे ख्रिस्ती, असा अर्थही शतकानुशतके लावला गेला. तो मला चुकीचा आणि घातक वाटतो. यहुदी समाजाच्या तिरस्काराला अशा वाचनांनी खतपाणी घातले.

येशू हे कुणाला सांगतो आहे, ते मागचा-पुढचा मजकूर वाचला की स्पष्ट होते. एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी पेत्र विचारतो, आम्ही सगळे सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? उत्तरात येशू त्यांना आसनांचे आश्वासन देतो, पण पहिले पुष्कळ जण शेवटचे होतील असा इशारा देऊन लगेच हा दाखला सांगतो. म्हणजे पहाटेपासून राबणारे मजूर हे शिष्यच. दाखला संपल्यावर थोड्याच ओळींनी जब्दीच्या मुलांची आई येते. तुमच्या राज्यात माझा एक मुलगा उजवीकडे बसवा, एक डावीकडे, असे मागते. बाकीचे दहा शिष्य चिडतात. त्या जागा त्यांनाही हव्याच असणार. येशू त्यांना सांगतो की इतरांचे सत्ताधारी लोकांवर हुकमत गाजवतात, तुमच्यात तसे चालायचे नाही; मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे.

मत्तय हा धागा सोडत नाही. येशूला खिळले जाते तेव्हा त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे कोण होते, हे तो मुद्दाम नोंदवतो: दोन लुटारू. आणि दुरून पाहत उभ्या असलेल्या बायकांची नावे देताना जब्दीच्या मुलांच्या आईचा उल्लेख करतो. आपण मुलांसाठी मागितलेल्या जागांवर तिने त्या दिवशी कुणाला पाहिले! या राज्याच्या सिंहासनाविषयी मत्तयाला यापेक्षा जास्त काही सांगायचे नव्हते.

एकोणिसाव्या शतकात हा दाखला चर्चबाहेर पडून अर्थकारणात शिरला. जॉन रस्किनने १८६० मध्ये मजूर आणि मजुरी या विषयावर लंडनच्या एका मासिकात चार निबंध लिहिले. त्यांचे नावच त्याने या दाखल्यातून घेतले: 'अन्टू धिस लास्ट', म्हणजे या शेवटच्यालाही. तेव्हाच्या प्रतिष्ठित वाचकांत एवढी ओरड झाली की ती मालिका आवरती घ्यावी लागली. १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हेन्री पोलक या स्नेह्याने ते पुस्तक जोहान्सबर्गहून डर्बनला निघालेल्या गांधीजींच्या हातात दिले. गाडीत त्यांनी ते वाचायला घेतले आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. लवकरच डर्बनजवळ फिनिक्सची वसाहत उभी राहिली, 'इंडियन ओपिनियन'चा छापखाना तिथे हलला. ठरले असे की काम करणाऱ्या प्रत्येकाला महिना तीन पौंड, मग त्याचा वर्ण किंवा देश कोणताही असो. मत्तयातला दीनार डर्बनभोवतालच्या नाताळ प्रांतातल्या उसाच्या प्रदेशात तीन पौंड होऊन अवतरला. १९०८ मध्ये गांधीजींनी त्या पुस्तकाचा गुजराती सारांश लिहिला आणि त्याला नाव दिले 'सर्वोदय'. वर्धा, सेवाग्राम, पवनार या आपल्या परिसरात विनोबांनी जो शब्द आयुष्यभर वागवला, तो या वाटेने आला. फिनिक्स म्हणजे देवाचे राज्य, असे मी म्हणणार नाही. पण पहाटेच्या आणि संध्याकाळच्या मजुराला सारखे द्यायचे ठरवले तर व्यवहार कसा बदलतो, हे तिथे काही माणसांनी करून पाहिले. पुष्कळ मंडळ्यांनी तेवढेही केलेले नाही.

हे राज्य आले आहे की अजून यायचे आहे, हा वाद अभ्यासकांनी पुष्कळ घातला. योहानेस वाइसने १८९२ मध्ये आणि अल्बर्ट श्वाइट्झरने १९०६ मध्ये मांडले की येशू लवकरच येऊ घातलेल्या जगाच्या शेवटाविषयी बोलत होता. सी. एच. डॉडने १९३५ मध्ये उलट सांगितले की राज्य येशूबरोबर येऊन ठेपलेच होते. आज बहुतेक जण दोन्ही धरून चालतात: सुरू झाले आहे, पुरे व्हायचे आहे. मला हे पटते, कारण शुभवर्तमानांत दोन्ही आहे. दुरात्मे निघून जातात त्या अर्थी राज्य तुमच्यापर्यंत पोहोचले आहे, असे येशू सांगतो, आणि तेच राज्य यावे म्हणून रोज मागायलाही शिकवतो.

ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री योहान क्रिसोस्तोम याच्या नावावरचे एक छोटे प्रवचन वाचतात. उपास पहिल्या दिवसापासून पाळणारे आणि अकराव्या तासाला, म्हणजे दाखल्यातल्या संध्याकाळच्या पाच वाजता, धावत आलेले, दोघांनाही त्यात एकाच पंगतीला बोलावले आहे. आधी आलेल्यांना ते बोलावणे गोड वाटते का, हे ज्याने त्याने आपापल्या मंडळीत तपासावे. नव्याने आलेल्या घराण्याला आपण कुठे बसवतो, पंचमंडळात कुणाची नावे पिढ्यान्‌पिढ्या येतात, दफनभूमीत जागा कुणाला कुठली मिळते, हे सगळे प्रश्न मत्तयाच्या विसाव्या अध्यायातलेच आहेत.

पुढच्या आठवड्यात साताऱ्याला जायचे आहे. नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये तिथे 'देवाचा दरबार' सुरू केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात बरोबरीने बोलावले. तो लेखांक हाती येण्याआधी मत्तयाचा एकोणिसावा आणि विसावा अध्याय सलग, एका बैठकीत वाचून ठेवा.